भीती भलत्याच ठिकाणी

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर ‘आक्षेपार्ह पोस्टप्रकरणी तक्रार’ अशी बातमी अलीकडे वरचेवर दिसू लागली आहे. पोस्ट कोणी टाकली आणि तक्रार कोणत्या ठाण्यात झाली, एवढे तीत असते. कोणते कलम लागले, त्या कलमाने काय गुन्हा ठरतो आणि काय ठरत नाही, हे मात्र नसते. ती उणीव मग पानठेल्यावर भरून निघते आणि गावात जो तो आपापला कायदा सांगू लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात तंटामुक्त गाव समितीचे काम मी बरीच वर्षे केले. २००७ मध्ये ही मोहीम सुरू झाली तेव्हा समितीपुढे येणारे तंटे धुऱ्याचे म्हणजे बांधाचे, वहिवाटीचे, ढोरे पिकात शिरल्याचे असत. आता धुऱ्याचे भांडणही आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पेटते आणि मग समितीपुढे येते. या नव्या भांडणांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. जे लिहिण्याचा कास्तकाराला पूर्ण हक्क आहे ते लिहिताना तो कायद्याला भितो, आणि जे पुढे पाठवल्याने खरोखर तुरुंगाची पाळी येऊ शकते ते मात्र डोळे झाकून पुढे पाठवतो.

आमच्या भागात घडलेला एक प्रकार सांगतो. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील मोघम ठेवले आहेत. शेताकडे जाणाऱ्या एका पांदण रस्त्याचे काम उन्हाळ्यात झाल्याचे कागदोपत्री दाखवले गेले आणि मृगाच्या पहिल्याच पावसात त्या रस्त्यावर खताच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली काळ्या मातीत निम्म्या चाकापर्यंत रुतली. एका तरुण कास्तकाराने तिचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले की, मुरमाचे पैसे सरपंचाने आणि ठेकेदाराने वाटून खाल्ले. संध्याकाळी त्याला पानठेल्यावर गाठून बजावण्यात आले की, त्याच्यावर सायबरची केस होणार, कलम ६६-अ लागणार आणि त्यात जमानतही होत नाही. त्या पोराने रात्रीच ग्रुपवरचा फोटो पुसून टाकला, ग्रुप सोडला आणि गटविकास अधिकाऱ्यांना द्यायचा म्हणून लिहून ठेवलेला अर्जही घरातच राहू दिला.

त्याला घातलेली भीती साफ खोटी होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्यामागे आपल्याच राज्यातील पालघरची घटना होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी तिथल्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या नुसत्या ‘लाइक’ केल्या, आणि पोलिसांनी दोघींनाही अटक केली. कलम रद्द झाल्यावरही देशात ठिकठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की, या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. जमानतीचे म्हणाल, तर ते कलम जिवंत होते तेव्हाही जामीनपात्रच होते. तरीही गावोगाव त्याचा धाक चालतो, कारण ते मेल्याची बातमी चावडीपर्यंत कधी पोहोचलीच नाही.

मात्र त्या तरुणाने लिहिलेले वाक्य निर्धोक होते, असे मी म्हणणार नाही. ‘पैसे खाल्ले’ हा नावानिशी केलेला गुन्ह्याचा आरोप आहे आणि त्याला भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, म्हणजे जुन्या दंड संहितेतील ४९९ आणि ५०० ही मानहानीची कलमे, लागू शकतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेत समाजसेवेचीही शिक्षा देता येते. हा गुन्हा फौजदारी राहू नये यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फेटाळली, त्यामुळे तो कायम आहे. पण हा गुन्हा अदखलपात्र आहे. त्यासाठी पोलिसांना परस्पर उचलून नेता येत नाही. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करावी लागते, आणि तो जामीनपात्रही आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा, त्याला मुदत एका वर्षाची. ‘उद्या पोलीस येऊन घेऊन जातील’ ही धमकी मानहानीच्या नावाखाली जो देतो, त्याला एक तर कायदा माहीत नसतो, किंवा समोरच्याला तो माहीत नाही हे त्याला चांगले माहीत असते.

त्याच कलमात जे अपवाद लिहिलेले आहेत, ते गावात कोणी वाचून दाखवत नाही. सार्वजनिक हिताची खरी गोष्ट सांगणे ही मानहानी नव्हे. इथे नुसते खरे असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलेले असावे लागते, आणि रस्त्याच्या कामात ते असतेच. लोकसेवकाने आपल्या कामात केलेल्या वर्तनाविषयी सद्भावनेने मत देणे हीही मानहानी नव्हे. आणि ज्या अधिकाऱ्याला त्या बाबतीत कारवाईचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने तक्रार करणे हा तर स्वतंत्र अपवाद आहे. आता पाहा, त्या तरुणाने काय केले. जे वाक्य त्याला अडचणीत आणू शकत होते ते त्याने चारचौघांत लिहिले, आणि जो अर्ज कायद्याच्या पूर्ण संरक्षणात होता तो घरी ठेवला.

तेच त्याने असे लिहिले असते: अमुक गटापासून तमुक गटापर्यंतच्या पांदण रस्त्याचे काम अमुक महिन्यात पूर्ण झाल्याचा फलक आहे, आज पाऊस झाल्यावर तिथे ट्रॉली रुतली, टोचा मारून पाहिला तर मुरूम इतका लागला, मोजपट्टीसह फोटो सोबत आहे, अंदाजपत्रकात किती जाडी धरली आहे ते ग्रामपंचायतीने ग्रामसभेत सांगावे. यात एकाही माणसाचे नाव नाही, आणि तरी गावात एकालाही कोणाविषयी लिहिले आहे हे विचारावे लागले नसते. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका या दोन्हींच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागता येतात. त्या हातात आल्यावर पुढचे वाक्य किती धारदार करायचे ते ज्याने त्याने ठरवावे. आमच्याकडच्या पोरांना लिहिताना राग आवरत नाही हे खरे, पण तो राग मोजपट्टीच्या आकड्यात उतरवला की समोरच्याच्या वकिलालाही नोटीस लिहिणे जड जाते.

ग्रुपवरचा फोटो पुसून टाकण्यात त्याने आणखी एक नुकसान करून घेतले. ग्रुपवरून मजकूर पुसल्याने तो पुसला जात नाही, कारण तोवर कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये त्याचा स्क्रीनशॉट गेलेला असतो. पुसला जातो तो फक्त आपल्याकडचा पुरावा. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडायचा तर सोबत प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात ठामपणे सांगितले, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट आहे. ज्या मोबाइलवर फोटो काढला तो जपून ठेवावा, स्क्रीनशॉट कापूनछाटून घेऊ नये, वर तारीख-वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसू द्यावा, एवढे तरी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण खरा धोका तिकडे आहे आणि तिकडे कोणाला भीती नाही.

अतिवृष्टीच्या अनुदानाच्या किंवा पीक विम्याच्या याद्या आल्या की त्या ग्रुपवर पडतात. हेतू चांगलाच असतो. कोणाचे नाव सुटले, कोणाची केवायसी राहिली हे लवकर कळते आणि सेतू केंद्रावरचा हेलपाटा वाचतो. पण त्यापाठोपाठ लोक आपले, आपल्या आईवडिलांचे, कधी शेजाऱ्याचेही आधार कार्ड आणि पासबुकाचे पहिले पान फोटो काढून तिथेच टाकतात आणि ‘भाऊ, माझे चेक करून द्या’ म्हणून विनंती करतात. आधार क्रमांक असा जाहीर करण्यास २०१६ च्या आधार कायद्याने मनाई केली आहे, हे गावच्या ग्रुपवर कोणाच्या गावीही नसते. काही दिवसांनी त्याच क्रमांकांवर योजनेच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये परके ॲप बसवणारी फाइल, येते, ती उघडली की खाते रिकामे होते, आणि मग सगळे बँकेला दोष देत बसतात. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क आणि ६६-ड कलमांखाली गुन्हा आहे. त्या गुन्हेगाराला सामान पुरवणारे मात्र आपण असतो. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा असतो, आणि तो जितका लवकर तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता अधिक. हा क्रमांक तलाठी कार्यालयाच्या दारावर लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही.

त्याहून गंभीर प्रकार एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्यानंतर घडतो. गाव हळहळते, संतापते, आणि त्या संतापात तिचा शाळेच्या गणवेशातील फोटो, नाव, बापाचे नाव, गाव असे सगळे ‘न्याय मिळालाच पाहिजे’ या ओळीखाली जिल्हाभर फिरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे पीडितेची ओळख उघड करणे हा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि पीडिता अल्पवयीन असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्याचे कलम २३ आणखी लागू होते. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात स्पष्ट केले की, पीडिता मरण पावली असली तरी नातेवाइकांच्या संमतीने तिचे नाव जाहीर करता येत नाही. तशी गरज भासल्यास सत्र न्यायाधीशांकडे जावे लागते. नाव छापले नाही पण शाळा, वर्ग, गाव आणि वडिलांचा धंदा छापला, तरी ओळख उघड झालीच. मोर्चाच्या बॅनरवर तिचा चेहरा लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण त्या चेहऱ्याखाली स्वतःचे नाव आणि पदही छापून घेणाऱ्यांबद्दल थोडी आहे.

अश्लील चित्रफितींबद्दल फार लिहीत नाही. लैंगिक कृत्य दाखवणारी चित्रफीत नुसती पुढे पाठवली तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि त्यात मूल दिसत असेल तर ती डाउनलोड करून पाहणे हाही गुन्हा आहे. हिवाळ्यात शेकोटीभोवती बसून एकमेकांना असले काही पाठवणाऱ्या पोरांना हा आकडा कोणीतरी सांगायला हवा. जातीवाचक शिवीचेही तसेच. इंटरनेटवर टाकलेल्या चित्रफितीतली शिवी ही चारचौघांत दिलेल्या शिवीसारखीच आहे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे, आणि ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात अटकपूर्व जामिनाला कायद्यानेच अटकाव आहे. जमानत अवघड असते ती इथे, मुरमाच्या फोटोत नव्हे.

अफवेविषयी तर आपल्या राज्याला कोणी शिकवायची गरज नसावी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत फिरत आली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले होते. तिथेच त्यांचा जीव गेला. त्याआधी मोबाइलवर मुले पळवणाऱ्यांचे निरोप फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. सुगी आटोपल्यावर आमच्याकडेही बहुरूपी, गोसावी, जडीबुटीवाले पालं ठोकतात, आणि दर वेळी कोणीतरी त्यांचा फोटो काढून ‘सावध राहा’ म्हणून टाकतो. खोटी माहिती किंवा अफवा पसरवून लोकांत भीती निर्माण करणे यास न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा त्यात आता नाव घेऊन उल्लेख आहे. ‘जसे आले तसे पाठवले’ ही ओळ खाली लिहिली की आपण सुटलो असे अनेकांना वाटते. तामिळनाडूतील एका माजी आमदाराने महिला पत्रकारांविषयीचा एक हीन मजकूर न वाचताच पुढे पाठवल्याचा बचाव केला होता. तो ना मद्रास उच्च न्यायालयाने मानला, ना २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने.

ग्रुपच्या ॲडमिनची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे निकाल आपल्या विदर्भातलाच आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात सदस्याने महिला सदस्याविषयी टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तो रद्द केला. सदस्य काय टाकणार हे ॲडमिनला आधी कळत नाही, त्यामुळे दोघांचे संगनमत किंवा आधी ठरलेला बेत दाखवता आला नाही तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला फौजदारी जबाबदार धरता येत नाही, असे खंडपीठाने म्हटले. सणावाराच्या आधी पोलीस पाटलामार्फत ॲडमिनांना ज्या प्रतिबंधक नोटिसा मिळतात त्या या निकालाच्या जोडीने वाचाव्यात. नोटीस मिळाली म्हणजे आपण आरोपी झालो असे नाही. मात्र स्वतःच्या स्टेटसवर ठेवलेला मजकूर हा आपला खासगी कोपरा आहे, असे कोणी समजू नये. आपल्याच संपर्कातील लोक तो पाहतात, एवढ्याने जबाबदारी टळत नाही, असे याच खंडपीठाने २०२३ मध्ये एका धार्मिक भावना दुखावल्याच्या प्रकरणात सांगून गुन्हा रद्द करण्यास नकार दिला.

पोलिसांविषयीही एक बोलले पाहिजे. तालुक्याच्या ठाण्यातील अधिकारी तक्रार घेऊन आलेल्या जमावापुढे एकटा असतो, आणि गुन्हा नोंदवून मोकळे होणे त्याला सोपे वाटते. पण तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ने त्याला दिली आहे, आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती वापरणे इष्ट आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी यांच्या खटल्यात म्हटले. त्याच्या वर्षभर आधी, कोल्हापुरातील एका प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर ३७० कलम हटवण्यावर टीका केली म्हणून नोंदवलेला गुन्हा रद्द करताना, अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असेही न्यायालय म्हणाले होते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात थेट अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देणे हा नियम आहे, हेही गावातल्या बापाला ठाऊक नसते. पोराला ठाण्यात बोलावले म्हटले की तो तूर विकून पैसे घेऊन धावतो, आणि वाटेत त्याला मदत करणारे भेटतात तेही त्याच पैशांवर डोळा ठेवून.

आपल्याकडे मागणे आहे ते असे. अशा बातमीत लागू केलेले कलम, ते दखलपात्र की अदखलपात्र आणि जामीनपात्र की नाही, हे एका ओळीत छापले जावे. ज्याच्यावर गुन्हा नोंदवल्याची बातमी छायाचित्रासह आली, त्याचा गुन्हा पुढे रद्द झाला किंवा तो निर्दोष सुटला, तर तीही बातमी त्याच पानावर तेवढ्याच जागेत यावी. आपले तालुका प्रतिनिधी अनेक ठिकाणी स्वतःची यूट्यूब वाहिनीही चालवतात; छापील अंकात पीडितेची ओळख लपवली जाते आणि संध्याकाळी त्याच बातमीच्या चित्रफितीत तिच्या घराचे अंगण दिसते, हे थांबवण्याचे त्यांना सांगावे. (आपल्याच अंकाची पीडीएफ रोज पहाटे आमच्या ग्रुपवर फुकट येते, ती स्वामित्व हक्काच्या कायद्यात बसत नाही, पण त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपला, माझा नाही.) तहसील कार्यालयाने लाभार्थ्यांच्या याद्या देताना आधार आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चारच अंक ठेवावेत, अशी मागणी मी लेखी केली आहे. तिचे उत्तर आल्यास आपल्याला कळवीन, आणि न आल्यास तेही कळवीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
माजी अध्यक्ष, तंटामुक्त गाव समिती,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ